विहिणीनं रंगवलेलं छत

पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं पाहुणीसारखं वागावं, एवढी साधी गोष्ट प्रतिमाताईंना कुणी शिकवलीच नव्हती, असं आनंदीबाईंचं ठाम मत होतं. विहीण म्हणजे विहीण. तिनं यावं, मानानं बसावं, ओटी भरून घ्यावी, भाजीत मीठ कमी पडलं तरी छान झालीय म्हणावं आणि परतीच्या गाडीला लागावं. ही बाई नाशिकहून आली ती मुक्कामालाच. आणि आली तर आली, आठवडा उलटतोय न उलटतोय तोच जावयाची जुनी ट्रॅकपँट चढवून, डोक्याला फडकं बांधून, शिडीवर उभी राहून घराचं छत रंगवायला लागली. घर कुणाचं? आनंदीबाईंचं.

बरं, भांडावं म्हटलं तर तीही सोय नाही. काहीही बोला, प्रतिमाताईंचं उत्तर ठरलेलं, "तुमचंही बरोबरच आहे हं." आनंदीबाईंनी आयुष्यात पुष्कळ बायका पाहिल्या होत्या. तोंडाळ पाहिल्या, आतल्या गाठीच्या पाहिल्या, पदराआडून चुगल्या करणाऱ्या पाहिल्या. पण दगड मारावा आणि तो लोण्यात रुतून बसावा, अशी बाई ही पहिलीच.

तसं पाहिलं तर प्रतिमाताईंचं येणं हक्काचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आनंदीबाईंनाही मान्य. सातव्या महिन्यात सून रूपाली नाशिकला आईकडे जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. पण डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वार खाली सरकलीय, प्रवासाचं नाव काढायचं नाही. त्या दिवशी आनंदीबाईंनी तोंडावर काळजी आणली आणि गुपचूप देवापुढं साखर ठेवली. नातवंड जयपुरात जन्मणार. म्हणजे त्याची पहिली अंघोळ आपल्या हातची.

दवाखान्यात नर्स पुसून काढते, ती काही अंघोळ नव्हे. अंघोळ म्हणजे घरी आल्यावर, पाटावर बसून, पाय लांब करून, पोराला नडग्यांवर घेऊन घालतात ती. आणि ती घालावी आनंदीबाईंनीच. शेषराव रेल्वेत होते, बदलीनं साताऱ्याकडून इकडं आले आणि इकडचेच झाले. तेव्हा कॉलनीतली किती पोरं आनंदीबाईंच्या पायांवर न्हाली होती. मराठी, बंगाली, मारवाडी, रडण्याची भाषा सगळ्यांची एकच. थंडीच्या सकाळी बायका पोर आणि वाटीत साय घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. शाळा चौथीत सुटलेली, सही करताना अजून जीभ बाहेर येते. पण ही एक विद्या अशी, की भल्याभल्या मास्तरणी त्यांच्यापुढं टॉवेल धरून गप्प उभ्या. रणजीतचं लग्न लांबत गेलं, ती सगळी वर्षं त्यांनी एका गोष्टीच्या आशेवर काढली होती. आपल्या एकुलत्या एका लेकाचं पोर असंच आपल्या पायांवर पडेल.

आणि देवापुढची साखर मुंग्यांनी न्यायच्या आत नाशिकहून फोन. रूपालीला येता येत नाही ना, मग मीच येते. फोन रणजीतनं घेतला. पोरगा जयपुरात वाढलेला, मराठी बोलताना मधेच पाय घसरतो. तरी त्या दिवशी न अडखळता म्हणाला, "या ना आई. तुमचंच घर आहे."

आई! आनंदीबाई आत पोळ्या करत होत्या. तव्यावरची पोळी करपून काळी झाली, तरी उलटायचं भान राहिलं नाही. जन्म दिला एकीनं आणि आया दोन, हा हिशोब चौथीपर्यंत कुणी शिकवलेला नव्हता.

तर छत. विद्याधर नगरच्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली बाळ-बाळंतिणीसाठी ठरली होती, कारण हिवाळ्यात ऊन फक्त तिथंच येतं. आधीच्या मालकानं हौसेनं त्या खोलीच्या छताला दाणेदार गिलावा करून घेतला होता. कुणी भिजवलेला साबुदाणा मुठीमुठीनं वर फेकावा आणि तो तिथंच चिकटून बसावा, असं ते दिसायचं. त्याला रंग कधी लागलाच नव्हता. कूलरच्या ओलीनं आणि उदबत्तीच्या धुरानं ते पिवळं पडलं होतं. दर दिवाळीला आनंदीबाई लांब झाडूनं जळमटं काढायच्या, पसाभर दाणे खाली पडायचे, ते भरून टाकायच्या. कुणाचं काही अडलं नव्हतं.

प्रतिमाताईंनी पहिल्याच दिवशी मान वर केली. म्हणाल्या, पाळणा इथंच बांधायचा ना? मग हे दाणे बाळाच्या डोळ्यांत पडतील.

खरं होतं. तेच तर वाईट झालं. इतकी वर्षं ते दाणे आपण केरात भरले आणि आपल्याला सुचू नये, आणि हिला बॅग उघडायच्या आधी सुचावं! आनंदीबाई म्हणाल्या, रंगाऱ्याला सांगू. पण देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, होऊन जयपुरात लग्नांचे सावे, म्हणजे मुहूर्त, सुरू झाले होते, आणि रंगारी सगळे लग्नघरांत अडकलेले. जो तो म्हणे, पुढच्या महिन्यात. तेव्हा प्रतिमाताई म्हणाल्या की मग मीच करते, नाशिकचं घर मी दोनदा रंगवलंय. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून नवऱ्यामागं एकटीनं मुलगी वाढवलेली बाई. तिला कोण नको म्हणणार? रणजीत तर दुकानात जाऊन सगळं सामान घेऊनच आला.

आनंदीबाईंना वाटलं, चढेल, घाबरेल, उतरेल. पण प्रतिमाताईंनी आधी एक ओलं बोट कोपऱ्यात घासून पाहिलं. दाणे विभूतीसारखे बोटावर आले. त्या म्हणाल्या, हे पाण्यात विरघळणारं आहे. यावर एकदम पाण्याचा रंग लावला तर सगळं अंगावर येईल. आधी तेलकट प्राइमरचा हात द्यायचा, तो वाळून घट्ट झाला की मग रंग. आणि रोलर लांब केसांचा घ्यायचा, एकाच दिशेनं न्यायचा, गेलेल्या जागेवर पुन्हा फिरवायचा नाही. हे सगळं त्या शेषरावांना सांगत होत्या आणि शेषराव दारात खुर्ची टाकून, गार्डच्या नोकरीत साहेबाचंही ऐकलं नसेल इतकं मन लावून ऐकत होते. जेवताना म्हणाले, "समजावून फार छान सांगतात." आनंदीबाईंनी त्यांच्या ताटात आमटी वाढायची ती वाढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याहून पुढची गोष्ट. शेषरावांनी शिडी धरली. संसारात ज्या माणसानं बायकोसाठी कधी डब्याचं झाकण धरलं नव्हतं, तो माणूस दोन्ही हातांनी विहिणीची शिडी धरून उभा, आणि वर म्हणतोय, सांभाळून हं. इकडं त्या दुपायी शिडीला घोडी म्हणतात. समोरच्या खंडेलवाल भाभी वाटीभर तिळाची गजक द्यायला आल्या, त्यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "आंटीजी, हमारे यहाँ तो दूल्हा घोड़ी चढ़ता है, आपके यहाँ समधन चढ़ गई." आनंदीबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आता तरी उतरेल लाजून. पण विहीणबाई वरून त्यांच्याहून मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "फोटो काढा माझा." फोटो रणजीतनं काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गोतावळ्याच्या मोबाइलवर फिरला, आणि साताऱ्याहून आनंदीबाईंच्या सख्ख्या बहिणीचा फोन आला की तुझी विहीण म्हणजे कमाल हाय बाई.

तिसऱ्या दिवशी अर्धं छत झालं आणि प्राइमर संपला. राहिलेलं उद्या, म्हणून घोडी तिथंच राहिली. त्या दुपारी सगळे झोपले असताना आनंदीबाई नुसतं बघायला म्हणून खोलीत गेल्या. कंबर धरली होती, म्हणून चटईवर आडव्या झाल्या, आणि उताण्या पडल्यावर वर काय दिसणार? छत.

त्या एकदम उठून बसल्या. पोर काही जन्मल्याबरोबर कुशीवर वळत नाही. तीन महिने उताणं. दूध प्यायचं, न्हायचं, झोपायचं, आणि जागं असेल तेवढा वेळ बघत राहायचं. काय बघणार? आजीचं तोंड घटकाभर दिसेल, आईचं दिसेल. बाकी दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढं हेच, या बाईच्या हातचं. अजून पोर पोटात आहे, आणि त्याचं आभाळ हिनं रंगवून ठेवलं.

मनात आलेली गोष्ट आनंदीबाईंनी पुन्हा तपासून पाहिली. वेडेपणाची होती, हे त्यांना कळलं. पण कळलं म्हणून जळायचं थोडंच थांबतं.

पुढच्या दिवशी रूपालीची तपासणी होती. बरोबर कोण जाणार, याचा प्रश्नच निघाला नाही. प्रतिमाताई आधीच फाइल घेऊन दारात. रणजीत गाडी घेऊन गेला, येताना प्राइमर आणतो म्हणाला. शेषराव सोडाला भागात जुन्या दोस्ताकडं पत्ते खेळायला गेले. घरात आनंदीबाई, घोडी, आणि रंगाची न उघडलेली बादली.

त्यांनी पदर खोचला.

रंगाचं त्यांना काही नवीन नव्हतं. माहेरी भिंतींना चुना त्यांनीच दिलेला, आणि जमीन सारवावी तर त्यांनीच. कुणी शिकवलं नाही, हातानंच शिकलेलं. चुना ताकासारखा पातळ करायचा, आणि सारवताना हात पुन्हापुन्हा फिरवायचा. ओल आहे तोवर फिरवत राहायचं, म्हणजे जमीन तुळतुळीत होते. रंगाचं झाकण काढलं तर तो श्रीखंडासारखा घट्ट. एवढा घट्ट कुठं रंग असतो का, म्हणून त्यांनी त्यात दोन तांबे पाणी ओतलं. प्राइमर म्हणजे दुकानदाराची कमाई, दुसरं काय. तेलावर तेल लावून पैसे काढायचे धंदे.

घोडीच्या पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरले. पण वर पोचल्यावर, खरं सांगायचं तर, मजा वाटली. खोली वरून वेगळीच दिसते. कपाटावरची धूळ दिसते, आणि ती सुनेच्या नजरेत कशी येत नाही हेही दिसतं. त्यांनी रोलर बुडवला आणि राहिलेल्या अर्ध्या भागावर, खिडकीच्या बाजूला, पहिला पट्टा ओढला. पांढराशुभ्र. विहिणीच्या बाजूचा प्राइमर त्याच्यापुढं मळकट दिसायला लागला. दुसरा पट्टा ओढला, तिसरा ओढला. हात बसला. आता बघावं येऊन कुणी! समजावून छान सांगत नसेल आनंदी, पण करून तर दाखवते.

दाण्यांच्या मधे मधे जागा सुटल्या होत्या. म्हणून त्यांनी हात परत फिरवला. मग आडवा फिरवला. सारवताना फिरवतात तसा, ओल आहे तोवर, पुन्हा पुन्हा.

रोलर जड झाला. पाहतात तो त्याला दाणे चिकटलेले, जशी उलथन्याला पातेल्याच्या तळाची खरवड चिकटून यावी. त्यांनी ते बोटानं निपटून पुन्हा वर दाबले. ते दाबले तर शेजारचे सुटले. आणि मग सगळा पट्टाच्या पट्टा ओल्या पोळीसारखा लोंबला, क्षणभर तसाच राहिला, आणि आनंदीबाईंच्या कपाळावर, चष्म्यावर, उघड्या तोंडात येऊन पडला.

त्या घोडीला मिठी मारून उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत, एवढं देवाचं. डोळे उघडले तर वर परातीएवढं उघडं काँक्रीट, आणि त्याच्या कडेकडेनं अजून पोपडे सुटतायत, आपणहून, सावकाश, टप टप करत.

झाडून काढलं, पुसलं, डोक्यावरून न्हाल्या, लुगडं बदललं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि देवापुढं जपमाळ घेऊन बसल्या. आयुष्यात एवढ्या एकाग्रतेनं त्यांनी कधी नाव घेतलं नव्हतं.

संध्याकाळी मंडळी आली. रूपालीचं सगळं ठीक होतं. प्रतिमाताई प्राइमरचा डबा ठेवायला मागच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. आनंदीबाईंच्या हातातला मणी पुढं सरकेना. शेवटी त्या आल्या. त्यांची नजर आनंदीबाईंच्या ओल्या केसांवर गेली, भलत्या वेळी धुतलेल्या, आणि तिथून लगेच निघाली. मग त्या रणजीतला म्हणाल्या की जरा गडबड झालीय, त्या बाजूचं छत सुटलंय. काल धूळ बसावी म्हणून मीच तिथं पाणी मारून ठेवलं होतं, ते मुरलं असणार. माझंच चुकलं.

वाचले. असं त्यांना वाटलं, ते चहा होईपर्यंत.

कारण चहा रणजीतनं केला. स्वयंपाकघरात जो फक्त फ्रिज उघडायला जातो, त्या पोरानं आलं किसलं, चहा गाळला, कप बशीत ठेवला आणि सासूच्या पुढं नेऊन धरला. म्हणाला, "छोडिए ना आई. तुम्ही किती करता आमच्यासाठी. एवढ्या वयात घोडीवर चढून. झालं तर झालं." रूपालीनं आईच्या खांद्याला मलम लावलं. शेषराव म्हणाले की चूक तोच करतो जो काम करतो, आणि हे बोलताना बायकोकडं पाहिलं, जणू ती जन्मात काही न करता जपमाळ ओढत बसली होती.

आनंदीबाई बघत राहिल्या. तो चहा बघितला, ते मलम बघितलं. काँक्रीट कुणी उघडं पाडलं? पोपडा कुणाच्या तोंडात गेला? गुडघे कुणाचे ठणकतायत? आणि लाड कुणाचे चाललेत? घर घेतलं, नवरा घेतला, लेकानं आई म्हणायचं तेही घेतलं, आणि आता केलेली चूकसुद्धा हिनंच घ्यावी!

"ते मी केलंय," आनंदीबाई म्हणाल्या.

कुणाला ऐकू आलं नाही. त्यांनी जपमाळ ठेवली.

"मी केलंय म्हणते. बादलीतला रंग लावायला गेले, तर ते खाली आलं. माझी चूक हाय ती, दुसऱ्या कुणी घ्यायची न्हाई."

रणजीत वळला. "आई, तू घोडीवर चढली?"

"मग? घोडी काय तुझ्या सासूच्या माहेरची हाय?"

पोराचा चेहरा लाल झाला. मग तो ओरडला. पडली असतीस तर, घरात कुणी नव्हतं, हाड मोडलं असतं तर, या वयात ते जुळतं का, अक्कल आहे का. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, श्वास न घेता. आनंदीबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मनातून त्यांना फार बरं वाटत होतं. सासूला नुसता चहा मिळाला होता. ओरडा आईलाच मिळतो.

पण प्रतिमाताई? त्यांनी कप खाली ठेवला आणि त्याच त्या आवाजात म्हणाल्या, "असू दे हो. होतं असं." आनंदीबाईंचं मिळालेलं सुख तिथंच आंबलं.

सकाळी पाहिलं तर प्राइमर न लागलेली सगळी बाजू फुगली होती. ती आता राहणार नव्हती. प्रतिमाताई घोडीवर चढल्या, पाण्याचा फवारा मारायच्या आणि पट्टीनं खरवडायच्या. रणजीत कामावर गेलेला, रूपाली पुढच्या खोलीत पडलेली. शेषराव शिडी धरायला आले, तेव्हा आनंदीबाईंनी त्यांना बाजारात पिटाळलं आणि शिडी स्वतः धरली. अंगावर ओला चिखल पडत होता. वरच्या विहिणीच्या डोक्यावर, तिथून खालच्या विहिणीच्या डोक्यावर.

मग आनंदीबाईंनी विचारलं, काल खोटं का बोललात?

वरून उत्तर आलं, जाऊ दे ना.

"जाऊ दे न्हाई. सांगा, न्हाईतर मी शिडी सोडते."

खरवडायचा आवाज थांबला. प्रतिमाताईंनी खाली पाहिलं. भुवयांवर, ओठांवर पांढरा चिखल. हसल्या असत्या तरी दिसलं नसतं, पण त्या हसल्या नव्हत्या.

"मग काय करायला हवं होतं मी?" त्या म्हणाल्या. "भांडायला हवं होतं? तुमच्या घरात राहते मी. उद्या तुम्ही म्हणालात, विहीणबाई, पुरे झालं, या आता. तर मी कुठं जाऊ? माझी पोर इथं पडलीय. तिला सोडून नाशिकला जाऊन बसू? म्हणून तुम्ही जे म्हणाल ते बरोबर. वरण गोड झालं तरी बरोबर. माझी मान गेले चार दिवस वळत नाही, आनंदीबाई. एवढ्या काळजीनं मी ती अर्धी बाजू केली, आणि तुम्ही त्या रंगात पाणी ओतून तो नासवलात. सगळी बादली वाया गेली. इतका राग आलाय मला काल संध्याकाळपासून, की जेवण गेलं नाही."

आनंदीबाईंनी शिडी आणखी घट्ट धरली. दगड कुठंतरी लागला होता, आणि लोण्याच्या आत हाड होतं.

"आणि छताचं काम कशासाठी काढलंत एवढं?" त्यांनी विचारलं. "दाणे पडतात म्हणून? खरं बोला."

प्रतिमाताई घोडीच्या वरच्या पायरीवर बसल्या. पट्टी मांडीवर ठेवली. रूपाली झाली तेव्हा रजा लवकर संपली, म्हणाल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी मालिशवाली यायची तेव्हा प्रतिमाताई बस स्टॉपवर असायच्या. आपल्या पोरीला त्यांनी कधी पायांवर घेतलंच नाही. घ्यायचं कसं, तेही येत नाही. या वेळी घ्यायचं, असं मनाशी धरून आल्या. आल्यावर पहिल्याच दिवशी शेषरावांनी कौतुकानं सांगितलं की आमच्या हिनं अख्ख्या कॉलनीची पोरं न्हाऊ घातलीत. त्यानंतर तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

"मागता येईना," प्रतिमाताई म्हणाल्या, "म्हणून रंगवत बसले."

आनंदीबाईंना कळत होतं की या ठिकाणी मोठ्या मनाच्या बाईनं काय म्हणायचं असतं. घ्या, पहिली अंघोळ तुमची. शब्द जिभेपर्यंत आलेही. पण मग त्यांना डोळ्यांपुढं त्या नवख्या नडग्या दिसल्या, त्यांच्यावर आपलं नातवंड दिसलं, आणि आपण शेजारी नुसता टॉवेल धरून उभ्या. शब्द तिथंच करपले.

"खाली उतरा," त्या म्हणाल्या.

प्रतिमाताई उतरल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, नखशिखांत पांढऱ्या. आनंदीबाईंनी पदराच्या कोरड्या टोकानं विहिणीच्या डोळ्यांवरचा चिखल पुसला. प्रेमानं नाही. जिला सुनवायचं, तिचे डोळे उघडे हवेत म्हणून.

"आता ऐका. तुम्ही बाई वाईट न्हाई. खोटारड्या हाय. आल्या दिवसापासून गोड गोड बोलून माझा जीव खाल्लात. त्यापरीस आज चार वाक्यं बोललात ती बरी. पहिली अंघोळ माझ्या पायांवर. ती मी कुणाला देणार न्हाई, तुम्हाला तर न्हाईच. त्या दिवशी पाणी तुम्ही घालायचं, आणि बघून घ्यायचं, मान कशी धरतात, कानात पाणी कसं जाऊ द्यायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी पाटावर तुम्ही बसायचं. पाणी मी घालीन आणि चुकलात की बोलीन, चांगली बोलीन. आणि मी बोलले की 'तुमचंही बरोबर आहे' म्हणायचं न्हाई, प्रतिमाताई. माझ्या घरात राहायचं, तर उलटं बोलायचं."